दहाव्या आठवड्यातला गुडघा

एका वाचकाचं पत्र:

सर, मी ३१ वर्षांचा, मूळचा नाशिकचा. एका विमान कंपनीत एटीआर ७२ या पंख्यांच्या प्रवासी विमानावर फर्स्ट ऑफिसर (एफओ, म्हणजे सहवैमानिक) आहे. सुट्टीत टर्फवर फुटबॉल खेळताना डावा गुडघा पिळवटला. एमआरआयमध्ये एसीएल हे गुडघ्यातलं लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा पट्टा, पूर्ण तुटल्याचं आणि आतल्या गादीला चीर गेल्याचं दिसलं. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. मांडीच्या मागच्या भागातला टेंडन (कंडरा) घेऊन नवं लिगामेंट बसवलं, गादी शिवली. आज दहा आठवडे झाले. ब्रेस सुटला, जिना चढतो-उतरतो, स्कूटर चालवतो. दुखणं जवळजवळ नाही. नडगीवर मुंग्या येतात म्हणून रात्री प्रीगाबालिन या नसांच्या त्रासावरच्या औषधाची एक गोळी घेतो. सर्जननी ‘कामावर जाण्यास हरकत नाही’ असं लिहून दिलं आहे. माझं क्लास वन मेडिकल, म्हणजे वैमानिकाचं आरोग्य प्रमाणपत्र, अजून चार महिने वैध आहे. ऑफिसला मी फक्त ‘पाय मुरगळला’ एवढंच सांगून रजा घेतली होती. बॅचमेट म्हणतो, सर्जनचा कागद दे आणि रोस्टरवर (उड्डाणांच्या ड्युटीवर) ये, मेडिकलवाल्यांना कळवलंस तर अडकून पडशील. शिवाय एटीआरचं क्रिटिकल इंजिन (जे बंद पडलं तर विमान सावरणं जास्त अवघड) डावं, म्हणजे जोर लागणार उजव्या पायाला. माझा गुडघा डावा. ट्रेनिंगच्या कर्जाचा आणि घराचा असे दोन हप्ते आहेत. कमांडसाठीचे, म्हणजे कॅप्टन होण्यासाठीचे, तासही थांबलेत. आई म्हणते, आता जमिनीवरची नोकरी बघ. मी काय करू?

मित्रा,

आधी उत्तर देतो, कारण तुझी घाई पत्राच्या ओळीओळीत दिसते. आत्ता रोस्टरवर जाऊ नकोस. लपवून तर मुळीच जाऊ नकोस. आणि उडणं सोडायचा विचारही मनात आणू नकोस. एसीएलच्या ऑपरेशननंतर कॉकपिटमध्ये परतलेले वैमानिक पुष्कळ आहेत, त्यांतला एक मी आहे. अडतिसाव्या वर्षी बॅडमिंटन खेळताना माझं उजव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. सातव्या महिन्यात परतलो आणि निवृत्तीपर्यंत उडत राहिलो. म्हणून तुझं पत्र वाचताना मला माझाच दहावा आठवडा आठवला. मलाही तेव्हा अगदी असंच वाटत होतं, की गुडघा बरा झाला, आता डॉक्टर लोक उगीच वेळ काढताहेत.

हा दहावा आठवडा फसवा असतो. का, ते नीट समजून घे. तुटलेलं एसीएल बहुतेक वेळा आपोआप जुळून येत नाही, म्हणून त्याच्या जागी दुसरा टेंडन ओवतात. बसवतात त्या दिवशी तो टेंडन दणकट असतो. पण मूळ जागेवरून काढल्यामुळे त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. पुढच्या काही आठवड्यांत त्याच्यातल्या पेशी मरतात. मग हाडातून आणि सांध्याच्या अस्तरातून बारीक रक्तवाहिन्या त्यात शिरतात, नव्या पेशी येतात आणि जुने तंतू हळूहळू लिगामेंटसारखे नव्याने विणले जातात. हे काम वर्षभर, कित्येकदा त्याहून जास्त चालतं. या सगळ्या काळात तो टेंडन सर्वांत कच्चा असतो साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात. आणि नेमकी त्याच वेळी सूज उतरलेली असते, टाके सुकलेले असतात, दुखणं गेलेलं असतं, कुबड्या कोपऱ्यात गेलेल्या असतात. दुखत नाही म्हणजे बरा झाला, हा हिशेब गुडघ्याच्या बाबतीत या दिवसांत चुकतो. तू ज्या आठवड्यात मला ‘दुखणं जवळजवळ नाही’ असं लिहितोस, त्याच आठवड्यात आतलं लिगामेंट सर्वांत नाजूक अवस्थेत आहे.

शिवाय तुझी गादी शिवली आहे. शिवलेल्या गादीला खोल वाकलेल्या गुडघ्यावरचा भार सोसत नाही, म्हणून उकिडवं बसणं आणि मांडी घालून बसणं सर्जन काही महिने बंद ठेवतात. उड्डाणाआधी विमानाभोवतीच्या पाहणीत, म्हणजे वॉक-अराउंडला, मुख्य चाकांच्या खोबणीत डोकावताना, ब्रेक पाहताना तू काय करतोस ते आठव. एटीआरचं पोट जमिनीच्या किती जवळ असतं हे मी तुला सांगायला नको. दिवसाला चार-पाच सेक्टर (उड्डाणं) केलेस तर तेवढ्या वेळा खाली बसणं आणि तेवढ्या वेळा पायऱ्या चढणं-उतरणं आलं, तेही जूनमध्ये ओल्या एप्रनवर, विमानं उभी करायच्या जागेत.

आता सर्जनच्या कागदाकडे येऊ. ‘कामावर जाण्यास हरकत नाही’ हे वाक्य त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं आहे, यात मला शंका नाही. पण लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर कोणतं काम होतं? बहुतेक हाडांच्या डॉक्टरांना वैमानिकाचं काम म्हणजे खुर्चीत बसून बटणं दाबणं वाटतं. ऑटोपायलट आहेच, मग पायाला काय काम, असं माझ्या सर्जननीच मला विचारलं होतं. ते निष्णात होते आणि माझा गुडघा त्यांनी उत्तम केला. पण त्यांनी कॉकपिट आतून कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा सर्जनकडे जाताना ‘मी उडू का?’ असं विचारू नकोस. कामात पायाला काय काय करावं लागतं ते लिहून ने आणि त्यातल्या एकेका गोष्टीबद्दल विचार. तो कागद कसा लिहायचा, तेच पुढे सांगतो.

त्यात पहिली गोष्ट रडर, म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीवरचं सुकाणू, जे पायाच्या पेडलने हलतं. मोठ्या प्रवासी विमानांच्या प्रमाणीकरणाचे अमेरिकी आणि युरोपीय नियम या बाबतीत सारखेच आहेत. रडर पेडलवर थोड्या वेळासाठी जास्तीत जास्त १५० पौंड, म्हणजे सुमारे ६८ किलो जोर लागला तरी चालेल, असं ते नियम सांगतात. दीर्घकाळ धरून ठेवायची मर्यादा २० पौंड, म्हणजे सुमारे ९ किलो. याचा अर्थ असा, की विमान बनवणाऱ्याने गृहीत धरलं आहे की सीटवर बसलेल्या माणसाचा कोणताही एक पाय, गरज पडली तर, ६८ किलोपर्यंतचा जोर देऊ शकेल. रोजच्या उड्डाणात तू याच्या आसपासही जात नाहीस. म्हणून रोजचं उड्डाण आठवून ‘मला जमेल’ म्हणणं बरोबर नाही. व्ही-वनच्या, म्हणजे टेकऑफ थांबवता येण्याच्या शेवटच्या वेगाच्या, पुढे गेल्यावर इंजिन जातं त्या दहा-पंधरा सेकंदांत पायाला काय करावं लागतं, ते आठव.

त्यात तुझं विमान एटीआर. एअरबस ३२० च्या रडरमागे हायड्रॉलिकची ताकद असते. एटीआरचं रडर यांत्रिक जोडणीवर चालतं, रडरवरच्या स्प्रिंग टॅब या छोट्या पट्टीची मदत असते, बाकी जोर तुझ्या पायाचा. इंजिन गेलं की बंद पडलेल्या बाजूचा पंखा फेदर होईपर्यंत, म्हणजे त्याची पाती वाऱ्याच्या दिशेने वळेपर्यंत, त्याची ओढ असते, आणि त्याच वेळी चांगलं इंजिन अपट्रिम होऊन जास्त ताकद देतं. नाक वळायला लागतं ते गुपचूप नाही, झटक्याने वळतं. त्या क्षणी पाय ताठ, दमदार आणि न कचरता जायला हवा.

क्रिटिकल इंजिनबद्दल तू जे लिहिलंस ते वाचून मला वाईट वाटलं, कारण तुला अभ्यास येतो आणि तो अभ्यास तू स्वतःला समजावण्यासाठी वापरतो आहेस. डावं इंजिन क्रिटिकल, हे खरं. पण त्याचा अर्थ एवढाच, की डावं गेलं तर परिस्थिती जास्त अवघड होते. उजवं इंजिन कमी वेळा बिघडतं असा त्याचा अर्थ कोणत्याही पुस्तकात नाही. उजवं गेलं तर नाक उजवीकडे जाणार आणि तुला डावा पाय दाबावा लागणार, तोच ऑपरेशनचा पाय. आणि डावं गेलं तरी तुझा डावा गुडघा सुटत नाही. दोन्ही पेडल एकमेकांना जोडलेली आहेत. उजवं पूर्ण पुढे गेलं की डावं तुझ्याकडे येतं आणि डावा गुडघा आणखी वाकतो. आज तो सीटवर बसून, पायात बूट असताना, तेवढा सहज वाकतो का? आणि डावं पेडल पूर्ण पुढे असताना तो तेवढा सरळ होतो का? ऑपरेशननंतर शेवटचे काही अंश सरळ न होणं ही फार नेहमीची तक्रार आहे, आणि चालताना ती लक्षातही येत नाही.

दुसरी गोष्ट ब्रेक. एटीआरला ऑटोब्रेक नाही. लँडिंग तुझं असेल तर धावपट्टीवर थांबवणारे पाय तुझेच. पेडलच्या वरच्या भागावर पंजा दाबायचा, टाच वर, दोन्ही पायांचा जोर सारखा, आणि त्याच वेळी क्रॉसविंडसाठी रडर. ओली धावपट्टी आणि बाजूचा वारा असताना एक पाय दुसऱ्यापेक्षा हलका पडला तर काय होतं ते तू सिममध्ये (सिम्युलेटरमध्ये) पाहिलं असशील. मांडीचा पुढचा स्नायू ऑपरेशननंतर फार झपाट्याने सुकतो. गुडघ्यात जरा जरी सूज राहिली तरी मेंदू त्या स्नायूला पूर्ण जोर लावू देत नाही. तू कितीही मन घट्ट केलंस तरी तो जोर येत नाही. घरी एक टेप घे. गुडघ्याच्या वाटीच्या वर एकाच अंतरावर दोन्ही मांड्यांचा घेर मोज. फरक पाहून तुला स्वतःलाच बरंच काही कळेल.

तिसरी गोष्ट बाहेर पडणं, आणि हिच्याबद्दल कोणीच विचारत नाही. एटीआरमध्ये कॉकपिटमधून सुटकेची वाट डोक्यावरच्या हॅचमधून आहे. सीटवर उभं राहायचं, वर चढायचं, दोरीला धरून विमानाच्या बाजूने खाली उतरायचं आणि शेवटी जमिनीवर उडी. धुरात, अंधारात, कदाचित विमान एका बाजूला कललेलं असताना. एका पायावर पूर्ण भार घेऊन वर चढणं आणि खाली उतरताना पाय वळणार नाही अशी उडी, या दोन्ही गोष्टी कच्च्या एसीएलला सर्वांत घातक. आणि हॅचमधून निघण्याआधी तुझं कामही असतं. मागे सत्तरेक प्रवासी आणि दोन केबिन क्रू असतात. विमानातून निम्म्या दरवाजांतून सगळ्यांना ९० सेकंदांत बाहेर काढता आलं पाहिजे, असं प्रमाणीकरण सांगतं. त्या ९० सेकंदांत एफओ स्वतःच मदतीची वाट पाहत बसलेला असणं मला कल्पनेतही सहन होत नाही.

तर या तीन गोष्टी कागदावर लिही आणि फिजिओकडे ने. सर्जनच्या आधी फिजिओकडे, कारण ताकद मोजायचं काम तोच करतो. त्याला सांग की मला ‘चालता येतं’ इथवर न्यायचं नाही, मला एका पायाने ६८ किलोचा रेटा द्यायचा आहे आणि काही सेकंद धरून ठेवायचा आहे, गुडघा थोडा वाकलेला असताना. लेग प्रेसच्या यंत्रावरचा आकडा आणि पेडलवरचा जोर अगदी एकच नसतात, तरी दिशा कळते. आज हे करून बघू नकोस! दहाव्या आठवड्यात तुला किती भार चालतो हे सर्जन आणि फिजिओ ठरवतील. चांगल्या फिजिओकडे दोन्ही पायांची ताकद तोलून पाहायची पद्धत असते. ऑपरेशनच्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के भरावी, हा खेळाडूंसाठी रूढ झालेला निकष आहे. वैमानिकानेही तोच धरावा असं माझं मत आहे. मात्र चांगला पायही दोन महिने आरामात ढिला पडलेला असतो, तेव्हा नव्वद टक्के कशाचे हेही विचार.

एक प्रयोग सगळ्यांत शेवटी कर. घरातल्या जेवणाच्या खुर्चीवर गुडघे काटकोनात ठेवून तासभर बस, मोबाइल न बघता. मग उठून लगेच जिना उतर. तासभर वाकून बसल्यावर वाटीमागे कळ येते, पाय आखडतो आणि पहिल्या चार पायऱ्या धड पडत नाहीत, हे या ऑपरेशननंतर खूप जणांना होतं. तुझा एक सेक्टर तासाभराचाच असतो. तासभर बसल्यानंतर लगेच लँडिंग असतं, म्हणजे पायाला सर्वांत जास्त काम तेव्हाच.

हे सगळं जमलं तरी एक गोष्ट उरते, ती मी माझ्या अनुभवातून सांगतो. सहाव्या महिन्यात माझी ताकद पुरेशी भरली होती. सगळे कागद चांगले होते. सिममध्ये पहिल्याच दिवशी प्रशिक्षकाने व्ही-वननंतर इंजिन काढलं, कोणतं ते न सांगता. नाक डावीकडे गेलं, म्हणजे माझा उजवा पाय हवा होता. पाय गेला, पण थबकून गेला. क्षणभरच. त्या क्षणात विमान धावपट्टीच्या मध्यरेषेपासून चांगलंच सरकलं. दुखलं नव्हतं, जोरही कमी नव्हता. शरीराने त्या गुडघ्याला सांभाळायची सवय लावून घेतली होती आणि ती सवय मला ठाऊक नव्हती. मूळ लिगामेंटमध्ये सांध्याची स्थिती मेंदूला कळवणाऱ्या मज्जातंतूंची टोकं असतात, नव्या टेंडनमध्ये ती सुरुवातीला तशी नसतात. तो विश्वास सरावानेच परत येतो. मला आणखी दोन सत्रं लागली. नंतर पाय पूर्वीसारखा आपोआप जाऊ लागला. म्हणून म्हणतो, परीक्षेच्या सिमआधी ट्रेनिंग विभागाकडे एक सरावाचं सत्र मागून घे आणि प्रशिक्षकाला आधीच सांग: दोन्ही बाजूंची इंजिनं काढा, क्रम न सांगता, आणि माझ्या पायाकडे बघा. ते आनंदाने करतील. कोणत्याही प्रशिक्षकाला असा विद्यार्थी आवडतो.

आता बॅचमेटचा सल्ला. तो तुझं भलंच चिंतत असेल, पण त्याचं म्हणणं चुकीचं आहे आणि ते ऐकणं धोक्याचं आहे. मेडिकल चार महिने वैध आहे, म्हणजे तपासणीच्या दिवशी तू ज्या अवस्थेत होतास त्या अवस्थेसाठी वैध आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १ मध्ये स्पष्ट अट आहे: आपल्या वैद्यकीय क्षमतेत घट झाली आहे हे ज्याला माहीत आहे, त्या परवानाधारकाने परवान्याचे अधिकार वापरायचे नाहीत. भारत या व्यवस्थेचा भाग आहे आणि आपला विमान वाहतूक नियामक डीजीसीए त्याच तत्त्वावर चालतो. युरोपच्या नियमांत तर शस्त्रक्रिया झाल्यावर विमानवैद्यकाच्या तज्ज्ञाचा सल्ला घेतल्याशिवाय उडायचं नाही, असं थेट लिहिलं आहे. गुडघ्यात नवं लिगामेंट बसवणं ही घट आहे की नाही, हे तू, मी किंवा तुझा बॅचमेट ठरवू शकत नाही.

तेव्हा या आठवड्यातच कंपनीच्या वैद्यकीय विभागाला लेखी कळव आणि ज्यांच्याकडे क्लास वन तपासणी करतोस त्या परीक्षकांशी बोल. पाय मुरगळला होता हे जे सांगितलंस, तेही त्याच पत्रात दुरुस्त कर, दोन ओळींत, सबबी न देता. ते तुला काही काळ तात्पुरतं अपात्र ठरवतील, कदाचित विशेष तपासणीला पाठवतील. तिथली मंडळी वैमानिकाचंच शरीर पाहण्यात आयुष्य घालवतात. बंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन १९५७ पासून हेच काम करते आहे. अशा ठिकाणी ‘तात्पुरतं’ हा शब्द तात्पुरताच असतो, जर तुझे कागद पूर्ण असतील. म्हणून एक फाइल आजच कर: ऑपरेशनआधीचा एमआरआय, ऑपरेशनच्या नोंदी, डिस्चार्ज कार्ड, कोणता टेंडन घेतला आणि आत काय बसवलं याची नोंद, दर महिन्याचा फिजिओचा अहवाल ज्यात गुडघा किती अंश वाकतो आणि किती सरळ होतो ते लिहिलेलं असेल, आणि घेतलेल्या प्रत्येक औषधाचं नाव व शेवटची तारीख. अर्धवट फाइल घेऊन गेलेला माणूस परत परत फेऱ्या मारतो. तुझा मित्र ज्याला ‘अडकणं’ म्हणतो, ते बहुतेक वेळा असं होतं.

आणि समजा लपवलंस, आणि उद्या धावपट्टीवरून चाक बाहेर गेलं. कारण भले टायरचं निघो. चौकशीत वैमानिकांचा वैद्यकीय इतिहास पाहिला जातोच, आणि ऑपरेशनचा कागद विम्याच्या दाव्यामुळे कुठे ना कुठे नोंदलेला असतो. मग गुडघ्याने चूक केली नव्हती हे सिद्ध करत तू कितीही वर्षं घालव. शेजारी बसलेल्या कॅप्टनचाही विचार कर. आपल्या एफओचा एक पाय भरवशाचा नाही, हे त्याला टेकऑफच्या आधी कळायला हवं की नको?

औषधांबद्दल. प्रीगाबालिनने सुस्ती येते, लक्ष मंदावतं, आणि ते घेणाऱ्याला नेहमीच जाणवतं असं नाही. ते घेत असताना उडायचं नाही. पण मनाने एकदम बंदही करू नकोस, सर्जनला सांग आणि ते सांगतील तसं कमी करत आण. टेंडन काढताना किंवा चिरेजवळ त्वचेची एक बारीक नस दुखावते, त्यामुळे नडगीवर बधिरपणा किंवा मुंग्या येणं फार जणांना होतं आणि बहुतेकांचं हळूहळू कमी होतं. ट्रामाडॉलसारखी दुखण्यावरची गोळी कधी घेतली असशील तर तीही यादीत लिही. आणि एक गोष्ट, घरचं प्रेम म्हणून सुटून जाते ती. ऑपरेशननंतर आपल्याकडे आई किंवा मावशी ताकदीसाठी अश्वगंधारिष्ट, दशमूलारिष्ट अशी बाटली आणून देतात. अरिष्टं आणि आसवं आंबवून केलेली असतात, त्यांत मद्यार्क आपोआप तयार होतो. मद्यार्क असलेली औषधं आणि माउथवॉशसुद्धा वापरू नये असं डीजीसीएने सांगितलेलं आहे. ब्रेथलायझरच्या यंत्राला दोन चमचे काढा आणि पेग यांतला फरक कळत नाही. कामावर परतण्याच्या किती तरी आधी ती बाटली बंद कर.

पैशाचं. हप्त्यांची चिंता मी हलकी मानत नाही. मीही दोन हप्त्यांवर होतो. तुझी लॉस ऑफ लायसन्सची, म्हणजे परवाना गेल्यास पैसे देणारी, विमा पॉलिसी आहे का? असेल तर आज काढून वाच. तात्पुरत्या अपात्रतेसाठी काही मिळतं का, किती दिवसांनंतर, आणि कळवायची मुदत काय, हे पॉलिसीगणिक वेगळं असतं. मुदत उलटून गेली तर हक्काचे पैसे जातात, आणि तुझे दहा आठवडे आधीच झालेत. बँकेला हप्ता चुकण्याआधी भेट, चुकल्यावर गेलास तर बोलणं वेगळं होतं. आणि कंपनीला जमिनीवरचं तात्पुरतं काम माग: ऑपरेशन्स कंट्रोल, फ्लाइट सेफ्टी, ट्रेनिंग विभागात मॅन्युअलचं काम. मला तीन महिने फ्लाइट सेफ्टीत बसवलं होतं. तिथे मी जे घटना-अहवाल वाचले, त्यांनी मला पुढच्या पंधरा वर्षांत जास्त चांगला कॅप्टन केलं. कमांडचे तास लांबतील, हे खरं आहे आणि त्याचं दुःख होणार. बत्तिसाव्या वर्षाऐवजी तेहतिसाव्या वर्षी कॅप्टनचे चार पट्टे लागले तर पुढची तीस वर्षं उरतातच. गुडघा दुसऱ्यांदा तुटला तर मात्र दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा कठीण असतं आणि त्यातून बाहेर यायला वेळही जास्त लागतो.

या काळात तुझी बाकीची कागदपत्रंही शिळी होत जातील. ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंगची अट तर चुकेलच, प्रोफिशियन्सी चेक या कौशल्य-चाचणीची तारीख कधी येते ते बघ. आपत्कालीन प्रक्रियांच्या प्रशिक्षणात हॅच आणि दोरीचा भाग असेल, तो गुडघा तयार झाल्यावरच कर, आणि तो कर म्हणजे करच. फक्त व्हिडिओ पाहून सही करू नकोस.

परतायची तारीख मी मुद्दाम देत नाही. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये खेळाडूंचा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणं जितकं लांबवलं, तितका प्रत्येक महिन्यामागे पुन्हा इजा होण्याचा धोका साधारण निम्म्याने कमी होत गेला, असं त्यात आढळलं. विमान चालवताना फुटबॉलसारखी गिरकी घ्यावी लागत नाही, त्यामुळे कॉकपिट त्याआधी शक्य होतं. बऱ्याच जणांना ते होतं. टर्फवर मात्र नऊ महिन्यांच्या आत पाऊल टाकू नकोस, आणि टाकलंस तर ताकद मोजून घेतल्यावरच. खरं सांगायचं तर मी पुन्हा बॅडमिंटन खेळलो नाही. तो माझा निर्णय होता, तुझा वेगळा असू शकतो.

राहता राहिली आई. ती जमिनीवरची नोकरी बघ म्हणते, कारण तिने तुला कुबड्यांवर बाथरूमपर्यंत जाताना पाहिलं आहे. तिला वाद घालून पटणार नाही. एकदा फिजिओकडे जाताना तिला बरोबर ने. तू एका पायावर भार घेतोस, फिजिओ आकडा लिहितो, मागच्या महिन्यापेक्षा तो वाढलेला असतो, हे तिला बघू दे. माझी आई तिथल्या बाकड्यावर बसून माझे उठाबशांचे आकडे मोजायची आणि फिजिओने एक कमी मोजला तर त्याला टोकायची. चौथ्या महिन्यानंतर तिने नोकरीचा विषय काढला नाही.

सर्जनची पुढची भेट कधी आहे ते तू लिहिलेलं नाहीस. त्याआधी तीन गोष्टींचा कागद तयार ठेव: पेडल, ब्रेक, हॅच. आणि सिमचं पहिलं सत्र झालं की मला कळव, कोणत्या बाजूचं इंजिन गेल्यावर तुझा पाय थबकला.